आखाजीला न येणारा गोलकीपर

चार परक्या देशांनी ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकला आणि स्वतःच्या घरच्यांना मात्र ज्याचा एका सणापुरताही भरवसा धरता आला नाही, असा माणूस जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही. असा तो एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. मी हे रागाने लिहितो आहे असं कुणाला वाटलं, तर बरोबर वाटलं. काठमांडू, ढाका, माले आणि मस्कत इथल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं असेल; पण त्याच्या सख्ख्या बहिणीला आखाजीसाठी माहेरी आणायला वैशाखाच्या उन्हात, एस.टी.च्या तापलेल्या पत्र्याखाली बसून शिंदखेड्याला कोण गेलं, हे त्या लोकांना कुणी सांगितलेलं नाही. मी गेलो. त्याचा माझा रक्ताचा संबंध नाही, तरी वर्षानुवर्षं मीच गेलो.

आमचा संबंध भिंतीचा. दोघांचेही वडील दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला आणि वसाहतीत आमची घरं शेजारीशेजारी. तिथे बंगाली इंजिनियर आणि मल्याळी फोरमन पुष्कळ, त्यामुळे बाकीचा खानदेश क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळत असताना दीपनगरच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल चाले. मैदान म्हणायचं म्हणून म्हणायचं, एरवी तो कोळशाच्या राखेचा पट्टा होता. हा सगळ्यांत लांबडा, म्हणून त्या बंगाल्यांनी त्याला गोलमध्ये उभा केला, आणि त्या दिवसापासून हा जो राखेत लोळायला लागला तो थांबलाच नाही. घरी येई तेव्हा अंगाला भस्म फासलेला बैरागी दारात आला असं वाटे. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. अक्का, म्हणजे त्याची बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. तीच त्याला वाढवत होती, तीच त्याला नळाखाली धरून घासून काढायची आणि घासता घासता पाठीत धपाटे घालायची. "बाकीना पोरं पायवर खेळतस, तुलेच लोळाना नाद काबर?" असं ती विचारी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा राखेत. पुढे अक्काचं लग्न होऊन ती शिंदखेड्याला गेली, वडील निवृत्त होऊन मूळ गावी एरंडोलला गेले, मलाही एरंडोलच्याच शाळेत मास्तरकी मिळाली, आणि हा मात्र एका बंगाली इंजिनियरची चिठ्ठी खिशात घालून कलकत्त्याला गेला.

गोलकीपरचं निम्मं काम ओरडण्याचं असतं, असं तो म्हणे. पुढच्या दहा जणांना मागचं दिसत नाही, ते सांगायला मागे एक शहाणा लागतो. मैदानावर हे ठीक आहे. पण हा मनुष्य मैदानाबाहेर आला तरी ओरडायचा थांबत नसे. माझ्या लग्नाला तो आला होता, त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या शेजारी उभा राहिला, आणि समोरून अक्षता आल्या की त्याचे हात आपोआप वर जात. माझ्या सासरच्या मंडळींनी प्रेमाने टाकलेल्या अक्षतांपैकी निम्म्या या माणसाने अडवल्या. माझा संसार तरीही बरा चालला, यात त्याचं काडीचंही श्रेय नाही. मग पंगत बसली, तर हा वाढप्यांच्या मागे जाऊन उभा. "डावा कोपरा मोकळा आहे. मठ्ठेवाले, माणूस सोडू नका. वरण, मागे या, मागे या." वरणाचं भांडं घेतलेला माझा मामा भेदरून खरोखरच मागे आला आणि थेट जिलबीच्या परातीत बसला. मामा आजही त्याच्याबद्दल चांगलं बोलत नाही, आणि मी मामाला समजावत नाही.

त्याच्या हातून कधी काही निसटलं नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. फळीवरून बरणी घसरली तर ती जमिनीला लागायच्या आत याच्या छातीशी असे. पण एकदा धरलेली वस्तू तो सोडत नसे. लोणच्याची बरणी पोटाशी घेऊन तो खुशाल तासभर गप्पा मारी आणि कुणी मागितली तर दचकून तिच्याकडे बघे. गोलमधल्या जागेचंही त्याचं तसंच झालं. कलकत्त्याच्या क्लबात तो बराच काळ नुसता बाकावर बसून होता. पहिला गोलकीपर ओरिसातल्या कुठल्याशा खेड्यातला. तो बहिणीच्या लग्नाला म्हणून चार दिवस गावी गेला आणि याला उभं राहायला मिळालं. तो बिचारा हळदीचे हात घेऊन परत आला, तेव्हा त्याच्या जागी हा उभा होता, आणि हा पुढे हललाच नाही. त्या प्रकारातून याने जन्माचा धडा घेतला, आणि साफ चुकीचा घेतला. मधे एकदा घरी आला असताना आम्ही जळगावला जेवायला गेलो होतो, तिथे त्याने मला तो धडा ऐकवला. "बाकीच्या दहांना इकडेतिकडे सरकून खेळता येतं. गोलकीपरची जागा एकच. ती सोडली की तिथे दुसरा उभा राहतो."

"भावाचीही जागा एकच असते," मी म्हणालो.

"तिथे तू आहेस ना," तो म्हणाला, आणि भाकरी मोडायला लागला. मला इतका संताप आला की मी त्याच्या पुढची शेवभाजीची वाटी उचलली आणि सगळी माझ्या ताटात ओतून घेतली. त्याने ती मात्र अडवली नाही.

आखाजी म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, याचीही मला चीड आहे. ते तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनाराकडे धावतात. आमच्याकडे आखाजी हा लेकीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि घरचा मुलगा गेलेल्या आईबापांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. आणि लेकीला सासरहून आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. हा मान भावाचा. मुऱ्हाळी दारात दिसला की सासरचं घर त्या बाईकडे जरा निराळ्या नजरेने बघतं. जिला न्यायला कुणी येत नाही तिला कुणी टाकून बोलतं असं नाही. फक्त सण उरकून सगळ्याजणी परत येतात आणि माहेरच्या सांजोऱ्या गल्लीत वाटतात, तेव्हा तिने काय वाटायचं एवढाच प्रश्न असतो. अक्काचे वडील, आबा, होते तोवर तेच तिला आणायला जात. हा काठमांडूत असताना आबा गेले, एरंडोलच्या घराला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे आली, आणि किल्लीबरोबर अक्काही आली.

दर साली आखाजी जवळ आली की आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीतला फोन वाजे. हेडमास्तर रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून मला बोलावत, कारण हा ढाक्याहूनसुद्धा असा ओरडे की फोन नसता तरी चाललं असतं. "या वर्षी तू जा. इथे फायनल आहे." ढाक्याला होता तेव्हा ढाक्याची फायनल, मालेला गेला तर तिथल्या कपाची, मस्कतला गेला तर तिथली. जगातल्या झाडून सगळ्या देशांनी आपापल्या फायनली आमच्या आखाजीलाच का धराव्यात, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी ठरवून टाकी की यंदा जायचं नाही, त्याला चांगला धडा शिकवायचा. आणि मग धुळ्याच्या गाडीत जाऊन बसे, कारण धडा त्याला मिळणार नव्हता, अक्काला मिळणार होता.

शिंदखेड्याला अक्का दारात येई, आधी माझ्या मागे बघे आणि मग माझ्याकडे. "तो?" असं विचारी. "फायनल आहे," मी सांगे. "जिकी ना?" ती म्हणे. "जिंकेल," मी म्हणे. एवढं झालं की ती पिशवी घेऊन निघे. एरंडोलला आल्यावर कुलूप काढून घर झाडून घ्यायची, आईची आणि आबांची घागर स्वतः भरायची. घागर मुलाने भरायची असते हे तिला कुणी सांगायला गेलं, तर ती ऐकू न आल्यासारखं करून केरसुणी जोरात मारायला लागे. मला मात्र तिने कधी भावाबद्दल एक वाकडा शब्द ऐकवला नाही. वाकडे शब्द सगळे मीच बोलत असे, आणि ती मला कुरडया तळून देत असे.

मुऱ्हाळ्याने रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून हा परदेशातून कुणाकुणाच्या हाती वस्तू पाठवी, आणि त्याही मीच वाहायच्या. मस्कतहून त्याने एक घोंगडीएवढं जाड ब्लँकेट पाठवलं, त्यावर एक पूर्ण वाघ. शिंदखेड्यात तेव्हा सावलीतला पारासुद्धा भाजत होता. तो वाघ मांडीवर घेऊन मी धुळ्याहून शिंदखेड्यापर्यंत गेलो, आणि गाडीतली लोकं मला तापबिप आला आहे का म्हणून विचारत होती. मालेहून आलेली वस्तू तर विचारू नका. कागदात गुंडाळलेले काळपट लाकडाचे ओंडके होते, टणक, वजनाला हलके. काय आहे ते त्याने सांगितलं नव्हतं. अक्काचे सासरे, नाना, माळकरी माणूस. त्यांनी एक ओंडका नाकाशी धरला आणि म्हणाले, परमुलखातली औषधी मुळी दिसते. गुडघेदुखी होतीच. सहाण आली, मुळी उगाळली गेली, दोन्ही गुडघ्यांना लेप बसला, आणि पाऊण तासात गल्लीतली यच्चयावत मांजरं नानांच्या ओट्यावर जमा झाली. मालेकडे मासा उकडून, धूर देऊन, वाळवून असा लाकडासारखा करतात, हे हेडमास्तरांच्या खोलीत फोन आल्यावर आम्हांला समजलं. नानांना कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. शेवटी कुणीच सांगितलं नाही. गुडघ्याला उतार पडला असं ते म्हणत होते, आणि सहाण अक्काने मागल्या दाराने नेऊन टाकली.

एका बाबतीत मात्र माझा राग त्याच्यावर नाही, आमच्याच लोकांवर आहे. ढाक्याला त्याने कपाच्या सामन्यात पेनल्टी अडवली, तेव्हा म्हणे तिथल्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. आमच्याकडे वर्तमानपत्रात केळीच्या भावाखाली तीन ओळी आल्या, "एरंडोलच्या तरुणाचे हॉकीत यश". मी जळगावला जाऊन त्या संपादकाशी भांडलो. तो म्हणाला, "चेंडूचाच खेळ ना?" आणि नाना तर उघडच विचारीत. गल्लीत एकाकडे टीव्ही आल्यावर त्यांनी कुठलातरी फुटबॉलचा सामना थोडा वेळ पाहिला होता. "दहा जन पयतस, हाऊ एकलाच उभा ऱ्हास. आन् पगार याले? मंग आमना सालदारनी काय पाप करं?" वर्षभर शेतात राबणाऱ्या सालदाराशी ही तुलना ऐकून मी तासभर नानांना गोलकीपरचं महत्त्व पटवत बसलो. ज्या माणसावर मी जन्मभर चिडलो, त्याची वकिली करायची वेळ माझ्यावर किती वेळा आली याला सुमार नाही, आणि त्या वकिलीबद्दल त्याने साधे आभारही मानलेले नाहीत.

शेवटी मस्कतला त्याचा उजवा खांदा निखळला. क्लबाने आठवड्याच्या आत दुसरा गोलकीपर आणला. हा दोन पेट्या घेऊन एरंडोलला आला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि चैत्रभर आबांच्या खाटेवर पडून आढ्याकडे बघत राहिला. मी मुद्दाम त्याच्याकडे फारसा गेलो नाही. मग आखाजी आली. आदल्या दिवशी सकाळी तो दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. "या वर्षी मी जातो," तो म्हणाला. मी म्हटलं, उत्तम. तर तो तिथेच घुटमळला. "तू पण चल. घर कोणतं ते आठवत नाही." सख्ख्या बहिणीचं घर आठवत नाही. मी चपला घातल्या आणि धुळ्यापर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही.

शिंदखेड्याला नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. आता त्यांना फारसं दिसत नसे. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझा हात हातात धरला. "ऊना का मास्तर? ये, बस." आणि घरात तोंड करून ओरडले, "सूनबाई, तुना भाऊ ऊना व." मग माझ्या मागे कुणीतरी उंच उभं आहे असं जाणवून त्यांनी डोळे बारीक केले. "आन् हाऊ कोन शे, बरोबर?"

ढाक्याच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ज्याचा आवाज जाई, त्याने तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. खरं सांगायचं तर अशा एका क्षणाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होतो. असं काही झालं तर मला बरं वाटेल, अशी माझी खात्री होती. मला अजिबात बरं वाटलं नाही. "नाना, मी कुठला भाऊ," मी म्हणालो. "भाऊ हा आहे."

अक्का हात पुसत दारात आली. सवयीने आधी माझ्या मागे बघितलं. या वेळी तिथे तो उभा होता. ती ओटा उतरून खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताला हळूच हात लावला. "खांदाले काय व्हयनं? असा काबर धरस?"

"काही नही. अक्का, मी तुले लेवाले ऊनू," तो म्हणाला. इतक्या वर्षांत खानदेशीचा एक शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

अक्काने आत बघितलं, अंगणात बघितलं. तिच्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं, मुलगा तिला आणायला सकाळीच गेला होता, चुलीवर पुरण शिजत होतं. "आते मी कशी येऊ रे भाऊ?" ती म्हणाली. "मनी पोर ई ऱ्हायनी. तिनी पहिली आखाजी शे." हे तिने हसून सांगितलं, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं. इतकी वर्षं जी माहेरी जायला निघत होती, ती आता स्वतःच कुणाचं तरी माहेर झाली होती, आणि तिला सोडून जायची सोय नव्हती.

मग तिने त्याचा डावा हात धरला आणि त्याला गल्लीत घेऊन गेली. एकही घर सोडलं नाही. प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबून ती सांगत होती, "हाऊ मना भाऊ शे." तो मान खाली घालून नमस्कार करत होता, आणि मी मागून त्याची पिशवी घेऊन चाललो होतो, कारण कुणीतरी ती घ्यायलाच हवी होती. एका घरातल्या म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मंग दरसाल येस, हाऊ कोन व्हता?" अक्का म्हणाली, "तो भी भाऊच शे." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पिशवीचाही मला राग आला. निघताना तिने त्याच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि सांगितलं, "यंदा आई-आबानी घागर तू भर." त्याने मान हलवली. वळणावर गेल्यावर त्याने मागे बघितलं, मी बघितलं नाही.

धुळ्याहून जळगावच्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. लेकी, त्यांची पोरं, त्यांचे मुऱ्हाळी, गाठोडी. आम्ही आधी चढल्यामुळे तिघांचा बाक मिळाला. बसण्यापूर्वी त्याने मला विचारलं, "अक्का कुठे बसायची?" मी म्हटलं, खिडकीशी. तर हा खिडकीची जागा सोडून मधे बसला. कंडक्टर आला. "भाऊ, आत सरका." हा म्हणाला, "माणूस आहे." "कुठाय?" "आहे." भरल्या गाडीत हा काय वेडेपणा, म्हणून मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, "आहे हो, येईल." कंडक्टर आम्हां दोघांनाही शिव्या घालत पुढे गेला.

पारोळ्याला एक बाई चढली. कडेवर पोर, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी, कुणी बरोबर नाही. "संगे कोन शे?" कंडक्टरने विचारलं. "कोनी नही. मीच चालनू," ती म्हणाली आणि दांडीला टेकून उभी राहिली. हा उठला. चांगल्या हाताने तिची पेटी घेतली, मला पाय आवरायला लावले आणि तिला वाट करून दिली. "खिडकीशी बस, अक्का." ती बसली, पोराला मधे त्याच्या जागेवर बसवलं, पदराने पोराचं तोंड पुसलं. मग उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही आखाजीले चालनात का, भाऊ? बहीन उनी व्हई घर."

"नही," तो म्हणाला. "मी लेवाले उशिरा गऊ."

त्या बाईने जरा विचार केला. "मंग पुढला सालले लवकर जा," ती म्हणाली. "बाया दारमा वाट देखतस."

"हा," तो म्हणाला. बाईने पोराला खिडकीतून बाहेरची केळीची बाग दाखवली, आणि एरंडोल येईपर्यंत तो दांडी धरून तसाच उभा होता.